आरशानं तोंड फिरवलं

मोटारीतली भुतं मी बहुतेक सगळी उघडून पाहिली आहेत. आपोआप वाजणारा हॉर्न, गाडी बंद केली तरी जळत राहणारा दिवा, रिकाम्या सीटखालून येणारी खरखर. शेलूबाजारात हमरस्त्याला लागून माझं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक बाक, एक शेगडी आणि बॅटरीच्या तेजाबानं भोकं पडलेली माझी पँट. इंजिन उघडतो तो मिस्त्री, मी वायरवाला. डायनमो, सेल्फ, हॉर्न, दिवे एवढाच माझा मुलूख. इंजिनची लोकांना भीती वाटत नाही. ते दिसतं, तापतं, तेल गाळतं. वायरीतून काय धावतं ते मात्र कोणाला दिसत नाही, म्हणून गाडीत काही अजब घडलं की गाडी माझ्याकडे यायची.

मंगरूळपीर ते शेलूबाजार चालणारी एक प्रवासी जीप होती. एका नाल्याजवळ आली की तिचा हॉर्न आपोआप वाजे. ड्रायव्हरनं दर्ग्यावर चादर चढवली, बोनेटला लिंबू-मिरच्या बांधल्या, नाल्यावर नारळ फोडला. हॉर्न वाजतच राहिला. शेवटी माझ्याकडे आला. मी त्याच्यासोबत बसून नाल्यापर्यंत गेलो. रस्ता तिथं डावीकडे एकदम वळत होता. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे ओढलं की नळीतली हॉर्नची घासलेली वायर लोखंडाला टेकायची आणि हॉर्न बोंबलायचा. मी टेप गुंडाळला आणि मोकळा झालो. ड्रायव्हर मात्र खट्टू झाला. "इतकंच होतं का?" म्हणाला. लोकांना इतकंच नको असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हे आधी सांगितलं ते यासाठी, की पुढची हकीगत सांगणारा माणूस उगाच कशालाही घाबरणारा नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा पुष्कळ नंतर झाला. पोळा होऊन गेला होता. मंगरूळपीरकडून आलेल्या एस.टी.तून एक मुलगी एकटीच उतरली आणि सरळ माझ्या दुकानाकडे आली. विशीच्या पुढची असेल. चांगल्या घरची दिसत होती. अशा मुली दुकानासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जात.

"गाड्याइच्या वायरिंगचं काम करणारे भाऊ तुमीच का?"

"हो जी. काय बंद पडलं?"

"बंद नाही पडलं. बंद करायचंय."

मी बाक पुसून दिला. ती बसली नाही, उभ्यानंच बोलली. नाव विमल. मंगरूळपीरचे ताराचंदजी तिचे वडील. जैन व्यापारी, गावाबाहेर त्यांचं कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना. त्यांना मी ओळखत होतो, म्हणजे आम्ही सगळेच ओळखत होतो. त्यांचा मुलगा महेंद्र जर्मनीला इंजिनीअर होता. परत येताना तिकडची एक गाडी घेऊन आला होता. दोन सीटची, बुटकी, जमिनीला पोट टेकेल अशी. आमच्या रस्त्यांवर ती उड्या मारत जायची, म्हणून पोरं तिला 'बेंडकी' म्हणत. एक-दोनदा माझ्या दुकानासमोरून गेलेली मी पाहिली होती. मग ऐकलं की महेंद्रला कावीळ झाली आणि तो गेला.

"दादा गेल्यापासून गाडी जिनातच उभी हाय," विमल म्हणाली. "बाबूजी रोज दुपारी तिच्यात जाऊन बसतात. तिचा बाहेरचा आरसा आपोआप हालते. बाबूजी त्याले इचारतात."

"काय इचारतात?"

"सगळंच. कापूस कवा घ्याचा, मुनीमजीले ठेवाचं का काढाचं. आरसा खाली झुकला तं हो. बाहेर वळला तं नाही." ती थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. "माही सोयरीक आली हाय, कामरगावची. तेही इचारलं. आरसा बाहेर वळला. बाबूजीनं किती डाव इचारलं, दरवेळी नाहीच."

तीच पुढे म्हणाली, "मले ते घर पसंत हाय. पोरगाही पसंत हाय. तुमी तेवढा आरसा खोलून द्या."

शिकलेली पोरगी आहे, बापाच्या डोक्यातला भ्रम काढायला निघाली आहे, असं मला वाटलं. मला तिचं कौतुक वाटलं. हत्यारांची पिशवी उचलली, दुकान शेजारच्या पंक्चरवाल्याच्या भरवशावर टाकलं आणि पुढच्या गाडीनं तिच्यासोबत मंगरूळपीरला गेलो.

कापसाचं जिन पाहायचं तर दिवाळीनंतर. तेव्हा बैलगाड्यांची रांग लागते, हवेत रुई उडते, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. भर भाद्रपदात मात्र तिथं काहीच नसतं. आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा दुपार होती आणि इतकी शांतता होती की माझ्या पिशवीतले पाने एकमेकांवर वाजत होते तेही मला मोठं वाटत होतं. शेडमध्ये वर, छप्पर तोलणाऱ्या कैच्यांना आणि जाळ्यांना मागच्या हंगामाची रुई लोंबत होती. वारा नसतानाही ती मधूनच हलायची. चौकीदार सखाराम आमच्यासोबत शेडच्या तोंडापर्यंत आला, तिथं त्यानं चपला काढल्या आणि पुढे यायचं सोडून उभाच राहिला.

"काहून गा?" मी विचारलं.

"मालकाची बैठक हाय ना तिथं," म्हणाला. कोणत्या मालकाची, ते त्यानं सांगितलं नाही.

गाडी राखाडी रंगाची होती. तिच्यावर धूळ नव्हती. ताराचंदजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर टोपी, पांढरं धोतर, हातात पेपर, पण तो उघडलेला नव्हता. विमलनं मी कोण ते सांगितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

"खोलाचा म्हणता? खोला," ते म्हणाले. "पण त्याच्यातलं काही घेऊन जायचं नाही."

"नाही जी. पण आधी मले पाहू द्या कसा हालते तो."

ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. ती तिकडची गाडी, म्हणून स्टेअरिंग डाव्या बाजूला. आरसाही डाव्या दरवाज्याला, बाहेरून. आपल्याकडे तेव्हा आरसा हातानं ढकलून सरळ करायचा. या गाडीत दरवाज्याच्या आतून एक छोटी कळ होती. ती जिकडे दाबाल तिकडे आरसा विजेवर वळायचा. असं काही मी तोवर फक्त ऐकलं होतं. ताराचंदजींनी इंजिन चालू केलं नाही, नुसती चावी अर्धी फिरवली. कळीला हात लावला नाही. डावं कोपर दरवाज्याच्या काठावर ठेवून ते आरशाकडे झुकले.

"महेंद्र," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, जेवायला बोलावल्यासारखं. "हे भाऊ आले शेलूबाजारवरून. तुले खोलू म्हणतात. खोलू द्याचं का?"

आधी काही झालं नाही. मग दरवाज्यातून डासासारखा बारीक घूं असा आवाज आला आणि आरसा खाली झुकला.

वायरीचं काम इतकी वर्षं केलं, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात वायर नव्हती.

"परवानगी हाय," ताराचंदजी म्हणाले. मग त्यांनी विमलकडे पाहिलं आणि पुन्हा दरवाज्यावर झुकले. या वेळी त्यांचा आवाज बदलला. "आन् विमलचं? कामरगावले द्याची का पोरगी? नीट पाहून सांग, बेटा."

मी त्यांच्या खांद्यामागून आरशात पाहत होतो. आरशात आधी त्यांचं कपाळ होतं, टोपीची कड होती. मग तो घूं आवाज आला आणि आरसा बाहेर वळू लागला. कपाळ गेलं, टोपी गेली, गाडीचा कडेचा पत्रा गेला. शेवटी आरशात फक्त रिकामं आवार उरलं. एखादा माणूस नाराज होऊन तोंड फिरवतो तसंच ते होतं. विमल जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर, मला वाटलं होतं तसं, बापाच्या भ्रमाला हसणारं हसू नव्हतं.

मी पिशवी उघडली. हातात हत्यार आलं की माझी भीती कमी होते.

कोणत्याही गाडीत हात घालायच्या आधी मी बॅटरीची वायर सोडतो. वीज तुटली की मोटार म्हणजे निव्वळ लोखंड. मग सखारामकडून गरम पाणी मागवलं. त्यानं ते शेडच्या तोंडाशी ठेवलं आणि विमलनं आत आणलं. आरशाची काच मागच्या प्लास्टिकच्या तबकडीवर घट्ट बसवलेली असते. थंड काच उचकटली की तडकते, म्हणून गरम फडक्यानं ती शेकायची. शेकून झाल्यावर पातळ पट्टीला चिंधी गुंडाळून कडेनं हळूहळू घालायची, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या, आणि काचेला कळू न देता ती सोडवायची. घाई केली तर काच जाते. आणि ही काच गेली असती तर दुसरी मिळवायला मला जर्मनी गाठावी लागली असती.

काच निघाली. मी ती विमलच्या हातात दिली. तिनं ती पालथी धरली, स्वतःकडे वळवली नाही.

आत तबकडीच्या मागं गुडघ्याच्या वाटीसारखा एक सांधा होता, त्यावर आरसा चारी दिशांना डुलायचा. दोन इवल्या मोटारी होत्या, अंगठ्याएवढ्या. एक वर-खाली करणारी, दुसरी आत-बाहेर. चावी फिरवली की मोटारींना वीज येऊन उभी राहते. कळ दाबली की मोटारीची परतीची वायर गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि मोटार फिरते. म्हणजे ती परतीची वायर कळीशिवाय कुठं उघडी पडून लोखंडाला टेकली तर मोटार आपोआपच फिरणार. मी तिथंच बोट घातलं, तर बोट मातीला लागलं.

कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. ही माशी चिखलाची छोटी छोटी मडकी करते आणि त्यांत अंडी घालते. खिडकीच्या कोपऱ्यात, फोटोमागं सगळ्यांनी पाहिलेली असतात. आरशाच्या पोकळीत तिनं अशी एक ओळच लावली होती आणि त्या मातीनं वायरी लोखंडाच्या कडेवर दाबून धरल्या होत्या. दाबून दाबून त्यांचं कातडं सोललं होतं. मी पट्टी उचलली आणि मडकं फोडणार, तोच ताराचंदजी जवळ आले.

"थांबा. त्याच्यात जीव असंन."

मी टॉर्च मारला. एका मडक्याचं तोंड उघडं होतं. आत पांढरी अळी होती, हलत होती.

"हाय जी."

"मग राहू द्या," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "आपल्यात जीव मारत नाहीत. उडून जाईन तवा पाहू. तोवर असाच राहू द्या आरसा."

त्यांचा धर्म खरा होता, आणि त्यांना झालेला आनंदही खरा होता. विमलनं काच खुर्चीवर ठेवली, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि खाली बसली. इतक्या सावकाश तिनं ती मडकी सोडवली की एकालाही चीर गेली नाही. ती सगळी ओळ तळहातावर घेऊन शेडच्या भिंतीतल्या कोनाड्यात, सावलीत नेऊन ठेवली.

"कोणी मेलं नाही, बाबूजी," ती म्हणाली.

मग मी ताराचंदजींना वायरी दाखवल्या. कुठं घासल्या, कुठं टेकतात, सगळं. तुम्ही कोपर दरवाज्यावर ठेवता तेव्हा पत्रा किंचित दबतो आणि यातली एक वायर टेकते, हलकं कोपर असलं तर ही, जोरात पडलं तर ती, हेही सांगितलं. ज्या गोष्टीची काळजी जास्त, तिथं माणूस जास्त रेलून विचारतो. ते नीट ऐकत होते.

"म्हणजे मीच मले सांगून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"असं नाही म्हणत मी. वायर घासली होती, एवढंच म्हणतो."

वायरींवर नवी नळी चढवली, बांधल्या, काच शेकून परत बसवली. बॅटरी जोडून चावी फिरवली. कळ दाबली की आरसा वर, खाली, आत, बाहेर, म्हणाल तसा. काम चोख झालं होतं. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, तो अगदी थोडा वेळ.

कारण मग ताराचंदजी आत बसले. कोपर ठेवलं. "महेंद्र," म्हणाले. आरसा स्थिर. त्यांनी कोपर दाबलं, सगळं अंग टाकलं दरवाज्यावर. "महेंद्र, बोल ना बेटा." कैचीवरची रुई हलली. आरशात त्यांचं स्वतःचं तोंड होतं आणि ते त्यांच्याकडेच पाहत होतं. आम्ही दोघं दुसरीकडे पाहू लागलो.

बऱ्याच वेळानं ते उतरले. टोपी नीट केली. "कामरगावले निरोप धाडतो," विमलला म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. चालताना ते एकदाही मागं वळले नाहीत. मी इतक्या गाड्या दुरुस्त केल्या, पण दुरुस्त करून कोणाचं काही हिरावून घेतल्यासारखं तेव्हाच वाटलं.

आता गाडी उभीच राहणार, उगाच बॅटरी उतरेल, म्हणून मी बोनेट उघडून बॅटरीची वायर पुन्हा सोडली. ती बाजूला वळवून ठेवत होतो, तेव्हा विमलनं हाक मारली. मोठ्यानं नाही.

"भाऊ. इकडं या."

ती दरवाज्याजवळ उभी होती, गाडीला न टेकता. आरसा वळत होता.

घूं आवाज नव्हता. मोटार फिरली की बोटाला जो बारीक थरथराट लागतो, तो लागतो का म्हणून मी काचेच्या कडेला बोट लावलं. काही नव्हतं. काच बोटाखालून नुसती सरकत होती, सावकाश, बाहेरच्या बाजूला. मी ती धरली आणि पुन्हा आत वळवून सरळ केली. हात काढला. ती थोडा वेळ थांबली आणि पुन्हा निघाली.

मी त्याचं कारण तेव्हाही शोधलं, आजही शोधतो. सांध्यावर एक रबरी टोपण होतं. काच शेकली तेव्हा ते तापलं असेल, निवताना ओढलं गेलं असेल. असं होऊ शकतं. कोणी दुसऱ्यानं ही हकीगत सांगितली असती तर मी त्याला हेच सांगितलं असतं. पण मी तिथं होतो आणि सोडलेली वायर मी माझ्या हातानं बाजूला ठेवली होती.

"रबर तापलं असंन," मी म्हणालो.

विमलनं मान हलवली, लहान मुलाची समजूत घालावी तशी. "तुमाले वाटलं असंन, मी बाबूजीचा भरम काढाले तुमाले आणलं. नाही भाऊ. हा दादाच हाय. मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. म्हणून तं बंद कराचं होतं."

मी दरवाज्यापासून एक पाऊल मागं सरलो.

"मी अकोल्याले शिकाले निघाली, तवा जर्मनीतून यानं नाही म्हटलं. कॉलेजच्या नाटकात घेतलं, यानं नाही म्हटलं. माह्यावर जीव होता त्याचा. पण आधी नाही म्हणे, मग विचार करे. आन् बाबूजी त्याचंच ऐकत. आता मेल्यावरही त्याचंच ऐकून राह्यले." मग ती आरशासमोर खाली वाकली. आरसा पुरता बाहेर वळला होता. त्यात ती दिसत नव्हती.

"दादा, मी जाऊन राह्यली," ती म्हणाली. "तुले पाह्याचं नसंन तं नको पाहू."

आम्ही थांबलो. आरसा तसाच राहिला. तिनं तो सरळ केला नाही, मीही केला नाही. शेडमधून बाहेर येताना मी पिशवी छातीशी घट्ट धरली होती, म्हणजे पाने वाजू नयेत. फाटकाशी ती म्हणाली, "बाबूजीले हे सांगू नका." मी हो म्हणालो.

लग्न झालं. मला आमंत्रण होतं, पण त्या दिवशी एक ट्रक अडकला होता, जाता आलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी ताराचंदजी स्वतः जीपमधून शेलूबाजारला आले. माझ्या त्या बाकावर बसले. तीनच महिन्यांत माणूस उतरला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत ती मडकी होती. प्रत्येकाला गोल भोक पडलं होतं.

"सगळ्या उडून गेल्या," ते म्हणाले. "आता जीव नाही याच्यात. हे होतं तसं परत लावता येईन का?"

"आरशात?"

"हो."

मी चहा सांगितला. "तुमाले आणखी काही इचाराचं हाय का जी?"

"इचाराचं काहीच नाही आता. पोरगी गेली, तिचं चांगलं चाललं हाय. मले नुसता हालताना पाह्याचाय."

"ती कळ दाबली की हालते ना जी, आता बिनचूक."

"ते मी हालवतो," ते म्हणाले. "मले त्यानं हालवलेला पाह्याचाय."

माती परत लावून काही झालं नसतं. वायरींवर मीच नळी चढवली होती, आणि ती काढून पुन्हा कातडं सोलायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. पण त्या म्हाताऱ्याला रिकाम्या हातानं जीपमध्ये बसवणंही होणार नव्हतं. विमलला शब्द दिला होता. तो मोडला नाही, पण त्याच्या कडेकडेनं गेलो.

"सेठजी, बॅटरी सोडलेलीच हाय ना?"

"तुमी सोडली तशीच हाय."

"मग जोडू नका. चावीही फिरवू नका. काही इचारू नका. नुसतं जाऊन बसत जा."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली, एवढंच. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, चहा घेतला आणि गेले.

पुढे काय झालं ते मला नक्की माहीत नाही. सखाराम बाजारच्या दिवशी भेटे तेव्हा मी विचारायचो. तो म्हणे, सेठजी जातात, बसतात, बोलत नाहीत. तो स्वतः अजून चपला काढून तिथंच उभा राहतो, आत जात नाही, त्यामुळे आरशाचं त्याला ठाऊक नाही. फक्त एकदा म्हणाला, "कालच्याले मालक हसत बाहेर आले गा." पुढच्या हंगामात जिन जोरात चाललं. गाडी त्यांनी विकली नाही. ते वारल्यावर ती कुठं गेली, कोणी नेली, हे मला कधी समजलं नाही.

विमलताईंची भेट मात्र झाली. दशक सरत आलं होतं. तोवर गाड्यांसोबत शेतातल्या पंपांचे स्टार्टरही मी पाहू लागलो होतो. त्यांच्या सासरच्या विहिरीवरचा स्टार्टर जळला म्हणून कामरगावहून बोलावणं आलं. घर बाजारपेठेतच होतं, पुढं दुकान, मागं राहणं. मी ओट्याकडे पाठ करून अंगणात, विहिरीवरून काढून आणलेला स्टार्टर खोलून बसलो होतो. ताईंनी चहा आणला. अंगानं भरल्या होत्या, बोलणं मोकळं झालं होतं. आतून सासूबाई कशावरून तरी ओरडत होत्या आणि ताईंना ते ऐकूही येत नव्हतं.

"सगळं बरं हाय ना, ताई?"

"चांगलं हाय जी. सासू कडक हाय, पण मायाळू हाय. हे तं देवमाणूस हायेत." त्या समोरच्या पायरीवर बसल्या. मी न विचारताच म्हणाल्या, "पहिलं वर्षभर मले रोज वाटे, आज काही होईन, उद्या काही होईन. त्यानं नाही म्हटलं होतं ना. घरात कोणी खोकलं तरी छातीत धस्स होये. पण काहीच नाही झालं, भाऊ. सगळं सुखाचं निघालं."

"मग त्यानं नाही काहून म्हटलं असंन?"

"कारण सांगाची सवय नव्हती त्याले. जित्ता होता तवाही नव्हती." त्या हसल्या. मग हसू तसंच ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "तोंड फिरवून किती दिवस राहशीन? येऊन पाह्य ना एखाद्या दिवशी. घर तं पाह्य."

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागं, रिकाम्या ओट्याकडे पाहत म्हणाल्या होत्या, आणि त्यांची नजर एका जागी ठरली होती, समोर कोणी उभं असलं की ठरते तशी. मी चहा संपवला, स्टार्टरचे स्क्रू एकेक करून आवळले आणि काम होईपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.